नंबर तोच, आतला लोको वेगळा

नवा डिझेल लोको कारखान्यातून स्वतःच्या ताकदीवर, भोंगा वाजवत शेडमध्ये, म्हणजे देखभालीच्या जागी, शिरतो अशी कल्पना असेल तर ती सोडून द्या. आमच्याकडे आलेले बहुतेक नवे लोको मालगाडीच्या लोकोमागे बांधून, 'डेड' अवस्थेत आले. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून निघायचं, वाटेतल्या यार्डांत मिळेल त्या गाडीची वाट बघत पडून राहायचं आणि अंगावर धुळीचा थर घेऊन एखाद्या रात्री शेडच्या इनकमिंग लाइनवर येऊन उभं राहायचं. ३१०० अश्वशक्तीचं, १२३ टनांचं ते धूड त्या वेळी एखाद्या वॅगनइतकंच निर्जीव असतं.

मी मेकॅनिकलकडचा. चार्जमन म्हणून लागलो, सीनियर सेक्शन इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. नोकरीत शेकडो लोको हाताखालून गेले, पण येतानाही मी हजर आणि जातानाही मीच हजर, असे फार थोडे. त्यातल्याच एकाबद्दल लिहितो. शतक बदलताना तो आला तेव्हा त्याच्या अंगावर डब्ल्यूडीजी-२ असं रंगवलेलं होतं. पुढे रेल्वेने नावं अश्वशक्तीवरून ठेवायला सुरुवात केली आणि त्याच लोकोला डब्ल्यूडीजी-३ए म्हणायला लागले. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे मालगाडी आणि ३ए म्हणजे ३१००. पुढे मी 'लोको' म्हणेन तेव्हा अख्खा गाडा समजायचा, 'इंजिन' म्हणेन तेव्हा त्याच्या पोटातलं सोळा सिलिंडरचं डिझेल इंजिन.

त्या इंजिनाचं घराणं जुनं. अमेरिकेच्या अल्को कंपनीचे डब्ल्यूडीएम-२ लोको १९६२ मध्ये भारतात आले, २६०० अश्वशक्तीचे. १९६४ च्या जानेवारीत वाराणसीचा पहिला लोको बाहेर पडला. अल्कोने १९६९ मध्ये लोको बनवणं बंद केलं. आपण मात्र तेच २५१ जातीचं इंजिन पुढे कितीतरी दशकं बनवत राहिलो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) बदलला, पिस्टन बदलले, फ्युएल पंप मोठे केले आणि त्याला २६०० वरून ३१००, मग ३३०० पर्यंत नेलं. मूळ कंपनी गेल्यावरही यंत्र इतकं पुढे नेणं सोपं नाही. आमच्या शेडमधले जुने फिटर त्या इंजिनाला घरातलंच समजायचे, त्यात नवल नव्हतं.

आल्यावर पहिलं काम जॉइंट चेकिंग. इथे लोकांना वाटतं की इंजिन बघत असतील. इंजिन नंतर. आधी चाकं बघायची. डेड लोको ओढताना हँडब्रेक अर्धवट राहिला किंवा ब्रेक सिलिंडरमधली हवा पुरती सुटली नाही तर चाक घासत येतं आणि त्यावर चपटा डाग पडतो. म्हणून एका खलाशाने, म्हणजे शेडमधल्या मदतनीसाने, लोको इंचाइंचाने सरकवून घ्यायचा आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक चाकाचा पूर्ण घेर बघायचा. मग वाटेत काय-काय 'गळालं' त्याची यादी: अग्निशामक, कॅबमधले दिवे, जॅक, लाकडी वेज, टूल बॉक्स. यार्डातल्या मुक्कामांत या गोष्टींना पाय फुटतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही, यादी करून सही करतात.

त्यानंतर हिस्टरी बुक. हे काम सगळ्यांना रटाळ वाटायचं म्हणून नव्या चार्जमनच्या गळ्यात पडायचं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं. लोकोबरोबर एक वही येते. इंजिन ब्लॉकचा नंबर, क्रँकशाफ्टचा नंबर, टर्बो, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा), मेन अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा), एक्सप्रेसर (ब्रेकसाठी हवा दाबणारा), सहा ट्रॅक्शन मोटरी (त्या विजेवर चाकं फिरवणाऱ्या), सहा अॅक्सल, बारा चाकं. कागदावरचा प्रत्येक नंबर प्रत्यक्ष धातूवर खोदलेल्या नंबराशी ताडून घ्यायचा. मोटरीचा नंबर बघायला पिटमध्ये, म्हणजे रुळांमधल्या खड्ड्यात, उतरून, मान वाकडी करून, ग्रीस पुसून वाचावं लागतं. क्रँकशाफ्टसाठी क्रँककेसचं दार उघडायचं. त्या वेळी मला हे सरकारी उपद्व्याप वाटले. पुढची वीसएक वर्षं हीच वही लोकोची खरी ओळख ठरणार होती, कारण वहीत लिहिलेलं जवळजवळ सगळं एक-एक करून दुसऱ्या लोकोखाली जाणार होतं.

मग इंजिन. बरेच दिवस बंद असलेलं इंजिन एकदम क्रँक करायचं नाही, हा पहिला धडा. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी किंवा तेल साचलेलं असेल आणि पिस्टन वर आला, तर पाणी काही दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून डिकॉम्प्रेशन प्लग उघडायचे, बारिंग करायचं, म्हणजे क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण फिरवायची आणि कुठल्या प्लगमधून काय बाहेर येतं ते बघायचं. बाहेरचा पंप लावून लुब ऑइल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोचवायचं. दारं उघडी ठेवून आत टॉर्च मारायचा आणि प्रत्येक बेअरिंगमधून तेल ओघळताना दिसेपर्यंत थांबायचं. फ्युएल प्राइम करायचं. आणि मग बॅटरीचा करंट सोडायचा. या जातीच्या लोकोत वेगळा स्टार्टर नसतो. ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर हेच काही सेकंदांपुरते मोटर होऊन क्रँकशाफ्ट फिरवतात.

आमच्या शेडमध्ये एक जुने हायली स्किल्ड फिटर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. साहेबांपासून खलाशापर्यंत सगळे. इंजिन पेटलं की बाकीचे गेजकडे बघायचे. अण्णा फ्युएल पंपांच्या रांगेजवळून चालत जायचे आणि प्रत्येक सिलिंडरच्या हाय प्रेशर ट्यूबवर दोन बोटं ठेवायचे. जी ट्यूब बोटाला ठोका देत नाही तिचा पंप काम करत नाही. उजवी-डावीकडचे मिळून सोळा ठोके पूर्ण झाले की म्हणायचे, "चला, सगळे जेवायला बसले." डॉक्टरी वगैरे काही नाही, हा रोजचाच प्रकार होता, पण त्या बोटांना सापडलेले पंप नंतर टेस्ट बेंचवर खराबच निघायचे.

यानंतर लोड बॉक्स. लोको जागेवर उभा ठेवून पूर्ण ताकद कशी तपासायची? अल्टरनेटरची वीज मोटरींना न देता रेझिस्टन्सच्या मोठ्या जाळ्यांना द्यायची. ड्रायव्हरच्या हँडलला आठ नॉच असतात. एक-एक नॉच वाढवत न्यायचं, व्होल्ट आणि अँपिअर वाचायचे, बूस्टर प्रेशर वाचायचं, प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान घ्यायचं. आठव्या नॉचला क्रँकशाफ्ट मिनिटाला १०५० फेऱ्यांवर असते आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. नॉच वाढवल्यावर काळा धूर येणं हा अल्कोचा जन्मस्वभाव आहे. डिझेल आधी वाढतं, टर्बोची हवा मागून पोचते. काही क्षणांत धूर निवळला तर ठीक, तसाच राहिला तर टर्बो, एअर फिल्टर किंवा इंजेक्टर यांच्याकडे बघायचं. नवख्याला धूर दिसतो, जुन्याला धुराचा वेळ दिसतो.

सुरक्षेची यंत्रणाही याच वेळी तपासतात आणि मुद्दाम बिघाड करून तपासतात. लुब ऑइलचं प्रेशर पाडून बघायचं की इंजिन आपणहून बंद होतं का. पाण्याची पातळी खाली नेऊन बघायचं. वेग मर्यादेबाहेर चढवून ओव्हरस्पीड ट्रिप पडतो का ते बघायचं. हे करताना मात्र कोणी इंजिनाच्या शेजारी उभं राहत नाही. शेवटी इंजिन बंद केल्यावर सगळ्यांनी गप्प राहायचं. टर्बो स्वतःच्या वेगाने फिरत राहतो, त्याची शीळ हळूहळू उतरत जाते आणि ती किती वेळ ऐकू येते हे घड्याळावर मोजायचं. लवकर थांबला तर बेअरिंग जड. एवढ्या महागड्या यंत्राची ही चाचणी एक माणूस, एक घड्याळ आणि शांतता यांवर चालते, याची मला कायम गंमत वाटत आली.

लोको लाइनवर गेला. मालगाड्या, दौंड-मनमाड, मिरजेकडे, कधी आणखी लांब. नवा लोको पहिले काही आठवडे जास्त त्रास देतो. यात कोणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. हजारो जोड आहेत. इंजिन थरथरतं, रूळ हादरे देतो, क्लँप सैल होतात, पाइप एकमेकांना घासतात. त्या काळात लोको शेडला आला की आमचं काम म्हणजे हातात पाना आणि कापड घेऊन फिरणं. एकदा हे सगळं बसलं की मग तो बराच काळ गुपचूप चालतो.

आणि मग सुरू होतो तो शेड्यूलचा रहाट. ट्रिपची तपासणी, दोन महिन्यांचं, चार महिन्यांचं, वर्षाचं, दोन वर्षांचं शेड्यूल. आठ वर्षांनी कारखान्यात पीओएच, म्हणजे सगळं खोलून केलेली दुरुस्ती. अठरा वर्षांच्या सुमारास पटियाळाला मिडलाइफ रिबिल्ड. आणि छत्तीस वर्षांनी कागदोपत्री आयुष्य संपलं. हे सगळं इथे सांगत बसलो तर वाचणारा कंटाळेल. एका गोष्टीवर मात्र थांबतो, कारण डिझेल लोको सांभाळणं म्हणजे काय हे मला तिथे कळलं. ती गोष्ट म्हणजे तेल.

लोको शेडला आला की लुब ऑइलचा नमुना लॅबमध्ये जातो. सगळ्यात साधी परीक्षा अशी की गरम प्लेटवर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला तर तेलात पाणी आहे. म्हणजे कुठेतरी सिलिंडर हेडला तडा किंवा लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या नळीचं) सील गेलेलं. दुसरी परीक्षा ब्लॉटर पेपरवर थेंब पसरू द्यायची. मधला काळा डाग आणि बाहेरची कडा यांवरून केमिस्ट सांगतो की तेलात काजळी धरून ठेवायची ताकद उरली आहे का. तेल पातळ झालं असेल तर कुठला तरी इंजेक्टर किंवा पंप त्यात डिझेल सोडतो आहे. आणि खरी परीक्षा स्पेक्ट्रोची. तेलाचा थेंब ठिणगीत जाळतात आणि त्या उजेडातून तेलात कोणता धातू किती आहे ते वाचतात, दहा लाखांत किती भाग या मापात. लोखंड वाढलं तर लायनर किंवा गिअर. क्रोमियम वाढलं तर रिंगा. अॅल्युमिनियम म्हणजे पिस्टन. तांबं आणि शिसं बरोबर वाढले तर बेअरिंग. सिलिकॉन म्हणजे साधी धूळ. एअर फिल्टरच्या सीलमधून इंजिनात शिरलेली, आणि ही धूळ आत पॉलिश पेपरचं काम करते.

आमच्या लोकोचं साधारण मध्यवयात एकदा तांबं चढायला लागलं. पहिल्या नमुन्याला थोडं, पुढच्या नमुन्याला आणखी, त्याबरोबर शिसंही. लोको उत्तम चालत होता. ड्रायव्हरची एकही तक्रार नव्हती, लुब प्रेशर ठीक, लोड बॉक्सवर पूर्ण पॉवर. ऑपरेटिंगवाले मागे लागलेले की लोको द्या, गाडी उभी आहे. त्यांचंही बरोबर होतं. चालता लोको अडवून ठेवला तर जाब शेडलाच विचारतात. केमिस्ट म्हणाला, उघडा. अण्णा म्हणाले, उघडा. मी फोनवर शिव्या खाल्ल्या आणि उघडला.

क्रँककेसची दारं काढून मेन बेअरिंगच्या कॅप सोडवायला लागलो. आधीचे सगळे शेल (बेअरिंगचे अर्धे तुकडे) चांगले निघत गेले तशी माझ्या पोटात कालवाकालव वाढत गेली, कारण तोवर एक रात्र गेली होती. मग मधल्या एका बेअरिंगचा शेल हातात आला. वरचा शिसं-कथलाचा मऊ थर एका बाजूने पुसला गेला होता आणि खालचा ब्राँझ पिवळा चमकत होता. क्रँकशाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, अजून रंग चढलेला नव्हता, ओरखडा नव्हता. शेल बदलले, डिफ्लेक्शन (क्रँकशाफ्टचा वाक) घेतलं, तेल आणि फिल्टर बदलले, लोको गेला. आणखी काही फेऱ्या तसाच चालला असता तर जर्नल तापून क्रँकशाफ्टच गेली असती; आणि क्रँकशाफ्ट गेली की पूर्ण इंजिन लोकोतून उचलून बाहेर काढायचं, दुसरं काही नाही. वाचवलेल्या बिघाडाचं कौतुक होत नाही. जे घडलंच नाही त्याचा रिपोर्ट कुठे लिहिणार?

दुसरी हकिकत याच्या उलट्या तऱ्हेची. ड्रायव्हरच्या लॉगबुकमध्ये सारखी एकच ओळ: 'चढावर पॉवर कमी, व्हील स्लिप लागतो.' लोड बॉक्सवर घेतला तर ३१०० अश्वशक्ती बरोबर. परत लाइनवर, परत तीच ओळ. अशा वेळी शेड आणि ड्रायव्हर यांच्यात एक जुनी भांडणाची परंपरा आहे. शेड म्हणणार की ड्रायव्हर हँडल घाईने ओढतो. ड्रायव्हर म्हणणार की शेडवाल्यांनी एकदा चढावर येऊन बघावं. मी गेलो बघायला. पकडीसाठी रुळावर वाळू चालू, रूळ कोरडे, गाडी वजनाला नेहमीची, आणि तरी चढ लागला की व्हील स्लिपचा दिवा लागायचा आणि पॉवर पडायची. चाक मात्र घसरत नव्हतं. मी खिडकीतून मान काढून बघत होतो, रुळाचा आवाज एकसारखा होता.

उत्तर हिस्टरी बुकात सापडलं, म्हणजे हिस्टरी बुकात नव्हतं म्हणून सापडलं. मधल्या काळात लोको लांबच्या एका शेडच्या हद्दीत असताना एक चाकजोडी मोटरसकट बदलली गेली होती. वहीत नव्या मोटरीचा नंबर होता, चाकाचा व्यास नव्हता. पिटमध्ये उतरून सगळी चाकं मोजली. नवीन चाक १०९२ मिलिमीटरचं असतं, मग घासत आणि टर्निंग होत लहान होत जातं. बाकीची पाच चाकजोड्यांची चाकं बरीच झिजलेली आणि ही एक जवळजवळ नवी. मोठं चाक त्याच वेगाला कमी फेऱ्या घेतं, त्याच्या मोटरीचा करंट बाकीच्यांपेक्षा वेगळा येतो. व्हील स्लिप पकडणारं सर्किट मोटरींची आपसात तुलना करतं. तफावत दिसली की त्याच्या मते चाक घसरलं, आणि ते पॉवर पाडतं. लोड बॉक्सवर मोटरी जोडलेल्याच नसतात, मग तिथे हे दिसणार कसं? चाक लेथवर घेऊन बाकीच्यांच्या मापाला उतरवलं आणि लॉगबुकातली ती ओळ थांबली. त्यानंतर आमच्या वहीत व्यासाचा रकाना मी स्वतः पट्टीने आखून घेतला.

आठ वर्षांनी पीओएच. मध्य रेल्वेच्या डिझेल लोकोंची पीओएच परळच्या कारखान्यात व्हायची. १८७९ मध्ये जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी उभारलेला तो कारखाना. तिथे लोको गेला की तो लोको राहत नाही. छत उघडतं, क्रेन इंजिन आणि अल्टरनेटर एकत्र उचलून बाहेर ठेवते, बॉडी बोग्यांवरून, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यांवरून, उचलली जाते, मोटरी एका दिशेला, चाकं दुसरीकडे, रेडिएटर तिसरीकडे. आणि परत जोडताना जे आपलं होतं तेच परत बसवायचं असा नियम नाही. कुठलाही भाग दुरुस्त होऊन येईपर्यंत लोको थांबवला तर महिने जातील. म्हणून तयार असलेला दुसरा भाग बसवतात आणि आपला भाग दुरुस्त होऊन तिसऱ्याच लोकोला जातो. शेडमध्येही हेच चालतं. टर्बो बिघडला की तासाभरात शेल्फवरचा टर्बो चढतो.

पहिल्या पीओएचनंतर लोको परत आला तेव्हा मी वही घेऊन पुन्हा पिटमध्ये उतरलो. ब्लॉक वेगळा. क्रँकशाफ्ट वेगळी. सहापैकी एकही मोटर मूळची नाही. गव्हर्नर तर त्याआधीच कितीदा बदललेला. मूळचं म्हणावं असं उरलं होतं ते अंडरफ्रेम, बॉडीचा पत्रा, मेन अल्टरनेटर आणि कॅबच्या बाजूला रंगवलेला नंबर. तरी गंमत अशी की स्वभाव तोच राहिला. ड्रायव्हर लोक काही नंबर मागून घ्यायचे आणि काही नंबर दिसले की कपाळाला हात लावायचे, आणि पीओएचनंतरही त्यांची मतं बदलायची नाहीत. याचं तांत्रिक कारण मला कधी पटण्यासारखं मिळालं नाही. अंडरफ्रेमचा किंचित पीळ, केबलची जुनी मांडणी, एवढंच मी सांगू शकतो.

मधल्या काळात ईएमडी या अमेरिकन कंपनीचे लोको आले. १९९९ मध्ये अमेरिकेहून पहिले डब्ल्यूडीजी-४ आले ते हुबळीच्या शेडला. ४००० अश्वशक्ती, एसी मोटरी, टू-स्ट्रोक इंजिन, आणि बिघाड लिहून ठेवणारा कॉम्प्युटर. आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा सगळ्यात जास्त हेवा वाटला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे त्याच्या एअर बॉक्सचं दार उघडलं की लायनरच्या पोर्टमधून पिस्टनच्या रिंगा डोळ्यांनी दिसतात. अल्कोत रिंग बघायची तर हेड उचला. दुसरी म्हणजे डायनॅमिक ब्रेकची स्वतःची जाळी वापरून तो जागेवर उभा राहून आपली लोड टेस्ट आपणच करतो. मोटरींना ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, म्हणजे फ्लॅशओव्हरचं, आतल्या आत ठिणग्या उडून जळण्याचं, दुखणंही नाही. अण्णांनी त्या इंजिनाच्या भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "यात माझ्या बोटांना काम नाही." यंत्र म्हणून ते अल्कोपेक्षा सरस होतं, यात मला शंका नाही. फक्त नवी पोरं पडद्यावर लाल अक्षर नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालायची, आणि गळका पाइप काही पडद्यावर येत नाही.

अल्कोच्या शेवटच्या काळात आणखी एक सुधारणा झाली, तिचा उल्लेख करायलाच हवा. मालगाडी सिग्नलला तासन्‌तास उभी असते आणि इंजिन चालूच. बंद केलं तर ब्रेकची हवा आणि बॅटरी दोन्हींची काळजी. अल्को आयडलवर तासाला सुमारे २५ लिटर डिझेल पितं, काही काम न करता. मग लहान ऑक्झिलरी पॉवर युनिट बसवायला सुरुवात झाली. ते हवा आणि बॅटरी सांभाळतं, मोठं इंजिन बंद राहतं आणि तासाला तीनएक लिटरमध्ये भागतं. हे चाळीस वर्षं आधी का सुचलं नाही, असा प्रश्न आम्ही सगळ्यांनीच एकमेकांना विचारला.

अठरा वर्षं भरत आली तेव्हा आमच्या लोकोचं नाव पटियाळाच्या रिबिल्डच्या यादीत लागायला हवं होतं. लागलं नाही. तोवर रेल्वेने ब्रॉडगेजचं सगळं जाळं विजेवर न्यायचं ठरवलं होतं आणि तारा एकेका मार्गावर पुढे सरकत होत्या. वाराणसीनेही २०१८ मध्ये आमच्याच जातीचे दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यांचा १०,००० अश्वशक्तीचा जुळा इलेक्ट्रिक लोको करून दाखवला, आणि २०२० मध्ये कारखान्याच्या नावातूनच डिझेल गेलं. तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. त्याच वर्षी जुलैत दहा ब्रॉडगेज डिझेल लोको बांगलादेशला दिले गेले. २०२२ मध्ये कोकण रेल्वेवरही सगळीकडे वीज आली. आमच्या लोकोला यातलं कुठलंच नशीब मिळालं नाही. त्याच्याकडे आधी लांबच्या मालगाड्या राहिल्या नाहीत, मग यार्डातलं शंटिंग आणि बॅलास्ट गाड्या आल्या, मग तो शेडच्या मागच्या लाइनवर 'स्टेबल' झाला, म्हणजे कामाविना उभा राहिला.

उभा लोको चालत्या लोकोपेक्षा लवकर बिघडतो. बॅटरी उतरते, रबराचे होज कडक होतात, बेअरिंगवरचं तेल निथळून जातं, उंदीर केबल खातात. काही दिवसांनी बारिंग करून, क्रँक करून थोडं चालवायचं असा नियम होता आणि आम्ही तो पाळत होतो. पण त्याच वेळी चालू लोकोंना भाग लागायचे आणि स्टोअरमध्ये नसायचे. पहिल्यांदा त्याचा एक फ्युएल पंप काढला, 'आला की परत बसवू' म्हणून. मग रेडिएटर फॅन. मग दोन मोटरी. परत काही बसलं नाही. एकदा असं सुरू झालं की क्रँक करायचा प्रश्नच उरत नाही. त्या काळात वही लिहिणं माझ्याकडे नव्हतं, पण मी मुद्दाम बघायचो. 'काढले' च्या रकान्यात नोंदी आणि 'बसवले' चा रकाना रिकामा.

कंडेम करायची, म्हणजे भंगारात काढायची, रीत रुक्ष आहे. कमिटी येते, सर्व्हे होतो, वय आणि अवस्था लिहितात, मंजुरी येते. डिझेल, लुब ऑइल, पाणी काढून घेतात. उपयोगाचे भाग काढून त्यांची वेगळी यादी होते. बाकीचं लिलावात. या यादीच्या वेळी मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो आणि मेन अल्टरनेटर ठेवायचा की भंगारात द्यायचा यावर माझा आणि स्टोअरवाल्यांचा वाद झाला. त्यांच्या मते ती जात आता कोणाला लागणार? मी इन्सुलेशन मेगर करून (त्यातून वीज गळते का ते मोजून) आकडे पुढे ठेवले. आकडे चांगले होते, अल्टरनेटर यादीत राहिला.

ठेकेदाराची माणसं गॅस कटर घेऊन आली तेव्हा हुड आणि कॅब एका दिवसात उतरली. अंडरफ्रेमला वेळ लागला. ती ट्रकच्या मापाने तुकडे करून न्यावी लागली आणि प्रत्येक तुकड्याचं वजन काट्यावर लिहिलं गेलं. अल्टरनेटर त्याच सुमारास ब्रेकडाउन ट्रेनसाठी राखून ठेवलेल्या एका जुन्या लोकोत चढवला. मी शेडमध्ये होतो तोवर तो लोको लोड बॉक्सवर घेतला होता. आठव्या नॉचला पूर्ण पॉवर मिळाली, धूरही वेळेत निवळला, आणि त्याच्या वहीत अल्टरनेटरचा नंबर मीच लिहिला.